जिवंत माणसाच्या फोटोला हार

दाजी जिवंत असताना मी त्यांना श्रद्धांजली वाहिली. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून त्यांचा फोटो कापला, त्याला हार घातला, शेजारी समई ठेवली, खाली माझा हात जोडलेला फोटो लावला आणि ते गेल्याचं सगळ्यांना कळवून टाकलं. ही चूक माझी. फोनची नाही, नेटवर्कची नाही, आणि नंतर मी जे सांगत सुटलो तशी कुणा चोराचीही नाही.

दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, अक्काचे यजमान. रेल्वेतून निवृत्त होऊन होटगीला घर बांधून राहिलेले. त्यांचं मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे घरात कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. मी विमा एजंट झालो तेव्हा माझ्याकडून पॉलिसी घ्यायला सख्खे नातेवाईकही तयार नव्हते. दाजी मला हाताला धरून रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये घेऊन गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलायचे, "ह्यो आमचा मेव्हणा. सरळ हाय. फसवला तर मला येऊन सांगा." त्या वाक्यावर माझा धंदा उभा राहिला आणि जुळे सोलापुरात फ्लॅट झाला.

मग मला वाटायला लागलं की मी मोठा माणूस आहे आणि हे लोकांना कळत नाही.

आमच्या फ्लॅटपासून जवळच एका हॉलमध्ये 'स्वतःचा ब्रँड घडवा' नावाची कार्यशाळा होती. एप्रिलचा महिना. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत आम्ही तीस-चाळीस जण ब्लेझर घालून बसलो होतो. सोलापूरच्या उन्हात ब्लेझर घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो नाही तर मूर्ख, आणि आमच्यात नवरदेव कुणी नव्हता. टाइल्सचे डीलर होते, क्लासवाले होते, एक त्वचारोगतज्ज्ञ होते, चादरीच्या दुकानाचे मालक होते. सगळ्यांनी हाताची घडी घालून फोटो काढून घेतले. हाताची घडी घातली की माणसात आत्मविश्वास दिसतो, असं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. मला तर सगळे जण वर्गाबाहेर उभं केल्यासारखे दिसत होते. पण हे आज लिहितोय. त्या दिवशी मीही घडी घातली होती, आणि पोट आत ओढून.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. लोकांच्या डोक्यात तुमची एकच ओळख पाहिजे. तुमचं नाव निघालं की तीच आठवली पाहिजे.

मी ओळख शोधायला लागलो. आधी सकाळचे सुविचार टाकले. ते फक्त माझ्या धाकट्या मेव्हण्याला आवडायचे, कारण त्याला माझ्याकडून काम होतं. मग बचतीचे सल्ले टाकले. ते कुणालाच आवडले नाहीत. एकदा एक जुने पॉलिसीधारक वारले. त्यांचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या, खाली माझा फोटो ठेवला, आणि तासाभरात फोन गरम झाला. हात जोडलेल्यांची रांगच लागली. सुविचाराकडे लोक पाठ फिरवू शकतात, मरणाकडे फिरवता येत नाही. न जाणो, कुणी बघेल आणि म्हणेल, याने साधे हातही जोडले नाहीत.

मॅडमना दाखवलं. त्या खूश झाल्या. "सर, हीच तुमची ओळख. आपुलकी! सुखदुःखाचा सोबती." दुसऱ्याच आठवड्यात तेवढं वाक्य माझ्या फोटोखाली सोनेरी अक्षरांत आलं. सुखाच्या पोस्ट मी फारशा टाकल्या नाहीत. त्यांना प्रतिसाद नव्हता.

हात जोडलेल्या फोटोसाठी स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा दुःखी चेहरा करा." मी केला. तो म्हणाला, "एवढा नको. पॉलिसी बुडाल्यासारखं वाटतंय." शेवटी बेतशीर दुःख जमलं. तोच फोटो मी पुढे प्रत्येक मयताखाली वापरला. म्हातारा असो, तरुण असो, अपघात असो, माझं दुःख तेवढंच आणि त्याच शर्टात.

मरणाच्या बातमीत पहिला नंबर लागला पाहिजे, हेही मी शिकलो. उशिरा वाहिलेली श्रद्धांजली म्हणजे शिळी भजी. रेल्वेच्या लोकांत माझ्यासारखाच आणखी एक एजंट होता. त्याची ओळख 'रेल्वेवाल्यांचा हक्काचा माणूस'. आमच्या दोघांत न बोलता शर्यत लागली होती. कुणी आजारी असल्याचं कळलं की मी फोटो आधीच मिळवून ठेवायचो. तिरडी बांधायच्या आत माझी पोस्ट गेलेली असायची. बायको एकदा ताट वाढताना म्हणाली, "माणूस गेला की तुमचा चेहरा उजळतो हो." मी रागावलो. चेहरा लपवायला फोनमध्ये बघत बसलो.

आणि मग दाजींच्या छातीत दुखायला लागलं.

होटगीहून त्यांना सोलापुरात आणलं, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. अतिदक्षता विभागात घेतलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. अक्का आत-बाहेर करत होती, तिचा फोन पिशवीत कुठेतरी तळाला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. आणि वाईट वाटत असतानाच माझा अंगठा फोनमधले दाजींचे फोटो वर सरकवत होता. अक्काच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या लग्नातला एक सापडला. फेटा होता, हसू होतं. मी बाजूची माणसं कापली. हार घातला. लिहिलं, 'आमचा आधारवड कोसळला.' लिहून ठेवायला काय हरकत आहे, असं स्वतःला समजावलं. पाठवतोय कुठे?

तेवढ्यात जिन्यावरून तो हक्काचा माणूस वर आला. दाजींना बघायला आला असेल, त्याची-त्यांची ओळख जुनी. पण त्याच्या हातात फोन होता. आणि त्याच क्षणी दाराआडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला.

मी उठून दार ढकललं नाही. अक्काला हाक मारली नाही. नर्सला विचारलं नाही. मला एकच दिसत होतं, हा माझ्याआधी टाकणार. मी बोट टेकवलं.

आत रडत होतं ते दुसऱ्याच पेशंटचं घर.

पुढच्या अर्ध्या तासात दाजींवर जेवढं प्रेम ऊतू गेलं, तेवढं त्यांनी हयातीत पाहिलं नसेल. टाइल्सवाल्यांनी 'कधीही न भरून येणारी पोकळी' असं लिहिलं. त्यांना दाजी कोण हेही माहीत नव्हतं. एका क्लासवाल्याने 'त्यांचे संस्कार सदैव सोबत राहतील' असं लिहिलं. कुठले संस्कार? आणि सगळ्यांत आधी कुणी हात जोडले असतील, तर माझ्यापासून चार पावलांवर उभ्या असलेल्या हक्काच्या माणसाने. दारापलीकडे जाऊन बघावं असं त्यालाही वाटलं नाही. पोस्ट पुढे पाठवून तो माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फार वाईट झालं."

मग दार उघडून अक्का बाहेर आली. तिचा चेहरा फुललेला होता. "अरे, डोळं उघडलं की त्यांनी! च्या मागायलेत!"

हक्काच्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तो जिना उतरून निघून गेला, आणि मी पोस्ट काढून टाकली. पण काढून काय होतं? ती होटगीला पोचली होती, रेल्वेच्या ग्रुपवर पोचली होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीला कुणीतरी पाठवली होती. तिने आईला फोन लावला, तो पिशवीत वाजत राहिला. मला लावला. तिचं नाव बघून मी उचलला नाही. ती मिळेल त्या गाडीने निघाली, आणि पुणे ते सोलापूर सगळा रस्ता बाप मेला म्हणून रडत आली. गावाकडे दाजींच्या भावकीने चुली विझवल्या. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. दाजींचे चुलतभाऊ जागा बघायला शेतात जाऊन आले.

इथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. माणसं चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण माझी ओळख होती ना, सुखदुःखाचा सोबती! मी सांगितलं, माझं अकाउंट कुणीतरी हॅक केलं. अक्काला सांगितलं, भाचीला सांगितलं, गावाला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर उभा राहून, निळा शर्ट घालून, एक व्हिडिओसुद्धा केला. 'मित्रांनो, कुठलीही बातमी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. एका चुकीच्या पोस्टमुळे एका कुटुंबावर काय प्रसंग येतो, ते मी जवळून पाहिलं आहे.' हे मी बोललो. डोळ्यांत पाणी आणून बोललो. तो व्हिडिओ माझ्या सगळ्या मयतांपेक्षा जास्त चालला. मॅडमनी फोन करून सांगितलं, "सर, संकटाचं सोनं केलंत!" आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची किळस मला आजही येते.

दाजी साध्या खोलीत आले तेव्हा भेटायला गेलो. त्यांनी पोस्ट बघायला मागितली होती. भाचीने तिच्या फोनवर दाखवली.

"आता आयुष्य वाढलं बघ माझं," दाजी म्हणाले. "मेल्याची खोटी बातमी आली की वाढतंय म्हणत्यात." मग फोन डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "पण मेव्हणं, माझ्यापरीस तुझा फोटो मोठा दिसायलाय की. मेलं कोण, मी का तू?"

अक्का हसली. नर्स येऊन ओरडली. मी म्हणालो, "दाजी, ते चोरानं केलं. हॅक झालं होतं."

"व्हय?" दाजी म्हणाले. "चोर लई हुशार की. तुझा फोटो, तुझं नाव, तुझा नंबर, सगळं बराबर लावलंय. हार बी झेंडूचा घातलाय."

त्यांना कळलं होतं. त्यांनी मला उघडं पाडलं नाही, आणि मी तेवढ्यावर सुटलो असं समजलो.

सुटलो नव्हतो, कारण गावात दाजींची आई होती. तिला सगळे अव्वा म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंगणाच्या बाहेर पडत नाही. चुलतभावाने तिला फोनवर हार घातलेला फोटो दाखवला होता. नंतर अक्काचा फोन आला, दाजी बरे आहेत म्हणून. भावकीने चुली पेटवल्या, कुणी पेढे आणले. अव्वाने पेढ्याला हात लावला नाही.

का, ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कुणी गेलं की जवळच्याला सरळ सांगत नाहीत. 'दवाखान्यात आहे, जरा जास्त आहे, पण बरा आहे, तुम्ही या,' असं सांगतात. अव्वाने स्वतः आयुष्यभर लोकांना असंच सांगितलेलं. आता सगळे तिला येऊन तेच सांगत होते. मुलगा दवाखान्यात आहे, बरा आहे. तिने त्याचा अर्थ तिच्या अनुभवाने लावला.

भाची बापाला बघून गावी गेली, आजीला समजवायला. तिथून तिने दाजींचा व्हिडिओ कॉल लावून दिला. दाजी हसून बोलले, कानडीत बोलले. अव्वा फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, मेलेल्या माणसांची बोलणीसुद्धा यात भरून ठेवता येतात, मला माहीत आहे. दाजींना प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. अव्वाला हलवता येत नव्हतं. ती दोन घोट पाणी घ्यायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

भाचीचा मला फोन आला.

"मामा, अव्वानं जेवण सोडलंय."

"अगं, समजावून सांग तिला. हॅक झालं होतं म्हणावं."

"तेच सांगतोय सगळे. ती म्हणते, चोराला माझ्या पोराचा फोटो कशाला? चोर पैसे नेईल, हार कशाला घालेल? काय सांगू तिला?" मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "मामा, मी तुमच्यावर ओरडत नाही. एकच विचारते. खरंच हॅक झालं होतं का?"

मी म्हणालो, "उद्या येतो."

"हे उत्तर आहे का?"

"हो," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला.

सकाळच्या एसटीने निघालो. माझ्या बाजूला बसलेल्या माणसाने मला ओळखलं. म्हणाला, "तुमचा तो खात्री करायचा व्हिडिओ आमच्या घरात सगळ्यांनी बघितला." मी त्याला थँक्यू म्हणालो. तोंडातून निघून गेलं. सवय वाईट असते.

अंगणात भावकीतली सात-आठ माणसं होती. शेतात जागा बघून आलेले चुलतभाऊ खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आले बघा सुखदुःखाचे सोबती. आज कुणाला पोचवायला आला?" दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी चपला काढल्या. भाचीने मला आत नेलं नाही, ओसरीवरच अव्वाला उठवून भिंतीला टेकवून बसवलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. ते तिने मुद्दाम केलं असणार. बरं केलं.

अव्वा वाळून गेली होती. तिने विचारलं, "यारु?" म्हणजे कोण.

"सोलापूरचे मामा," भाचीने तिला कानडीत सांगितलं.

मी मांडी घालून समोर बसलो आणि सुरू केलं, "अव्वा, जे काही घडलं त्याबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे, आमच्या परिवारावर जो प्रसंग..."

"मामा," भाची म्हणाली, "व्हिडिओ चालू नाही इथं."

मी थांबलो. मग म्हणालो, "अव्वा, फोटोला हार मी घातला."

तिला मराठी समजतं. तरी तिने भाचीकडे बघितलं. भाचीने तेच कानडीत सांगितलं.

"तू?" अव्वा म्हणाली. "चोर न्हाय?"

"चोर नव्हताच. मी घातला."

"याक?" का, तिने विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. "दाजी जाणार असं वाटलं. आत कोणीतरी रडत होतं. दुसरा एकजण माझ्याआधी लोकांना सांगेल, म्हणून घाई केली."

"आत जाऊन बघितलास?"

"नाही."

"दार किती लांब?"

"समोरच होतं, अव्वा."

चुलतभाऊ खाटेवरून म्हणाले, "थू तुमच्या." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

अव्वा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता शिव्या देईल. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. तिचे ओठ हलत होते, ती मनात काहीतरी मांडत होती. "एवढं लोकाम्होरं कोण खोटं सांगंल," ती म्हणाली, "सवताच्याच तोंडाला काळं फासून?" मग भाचीचं मनगट धरलं. "म्हंजे हार खोटा." आणि थोड्या वेळाने, हळू, "म्हंजे हाय. मगा हाय."

मगा म्हणजे मुलगा. ती रडायला लागली. मुलगा गेला असं कळल्यावर ती रडली नव्हती, असं भाचीने मला नंतर सांगितलं. एक बाई उठून आत गेली आणि दुधात भाकरी कुस्करून वाटी घेऊन आली. अव्वाने एक घास खाल्ला, मग दुसरा. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी गुपचूप उठून गेलो असतो तरी चाललं असतं, आणि एक क्षण पाय तसे हललेही.

पण अव्वाने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आनि? आजून काय सांगायचं हाय?"

मी पुढे सरकलो, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मला जेवढं कानडी येतं तेवढ्यात म्हणालो, "अव्वा, नंदु तप्प." चूक माझी. मग वर बघून, खाटेवरच्यांना आणि भाचीलाही ऐकू जाईल असं मराठीत म्हणालो, "दाजी जिवंत असताना ते गेले म्हणून मी सांगितलं. ते लपवायला चोराचं खोटं सांगितलं. माझ्या खोट्यामुळे तुम्ही उपाशी राहिलात. भाची रस्ताभर रडत आली, तिचा फोन मी मुद्दाम उचलला नाही. मला माफ करा."